विषाणूंची नवी कामगिरी

इ. स. १९०४ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. जॉर्ज डॉक यांनी रक्ताच्या कर्करोगाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात इतर रुग्णांच्या कैफियतींबरोबर एका ४२ वर्षांच्या स्त्रीची हकीकत नमूद केली. या स्त्रीच्या रक्तातील श्वेतपेशी बेसुमार वाढल्या होत्या आणि प्लीहेचा आकार भयावह झाला होता. अशा अवस्थेत तिला इन्फ्लुएन्झासारखा ज्वर आला, आणि ज्या ज्वराने तिची उरलीसुरली शक्ती हिरावून न्यावी असेच कोणालाही वाटले असते, त्याच ज्वरानंतर श्वेतपेशींचा पूर ओसरला व सुजलेली प्लीहा आटत गेली. डॉक यांच्या हाती या घटनेचा उलगडा करण्याचे कोणतेही साधन नव्हते, कारण माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागण्यास १९३३ साल उजाडावे लागले. तरीही जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले, आणि वैद्यकाच्या इतिहासात अशा टिपणांचे मोल पुष्कळदा ती लिहिणाऱ्याच्या हयातीनंतर ठरते.

पुढे अशा नोंदी अधूनमधून येत राहिल्या. त्यांतील एक फार बोलकी आहे. १९७१ साली युगांडातील वैद्यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची माहिती ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दिली. आफ्रिकेतील मुलांमध्ये आढळणाऱ्या बर्किट लिम्फोमा या कर्करोगाची मोठी गाठ त्याच्या डोळ्याच्या खोबणीत वाढली होती. त्या मुलाला गोवर निघाला, आणि अंगावरील पुरळाबरोबर ती गाठही विरघळत गेली. रोगावर रोगाचाच उतारा पडावा ही गोष्ट ऐकताना चमत्कारिक वाटते. अशा घटना मोजक्या होत्या आणि आलेला गुण बहुधा अल्पकाळच टिके. परंतु त्या नाकारता येण्याजोग्या नव्हत्या, आणि त्यांच्या मुळाशी कार्यकारणाचा काही निश्चित संबंध असला पाहिजे अशी शंका विचारी माणसाच्या मनात येणे अपरिहार्य होते.

तो संबंध समजण्यासाठी विषाणू व पेशी यांचा व्यवहार थोडक्यात पाहिला पाहिजे. विषाणूला स्वतःचा असा संसार नसतो. प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला जनुकांचा छोटासा दस्तऐवज एवढेच त्याचे स्वरूप. तो पेशीत शिरला म्हणजे पेशीची सारी यंत्रसामग्री त्याच्या हुकमाखाली नव्या विषाणूंची निपज करू लागते, आणि शेवटी पेशी फुटून ते शेजारच्या पेशींवर चालून जातात. निरोगी पेशी हे आक्रमण मुकाट्याने सोसत नाही. विषाणूच्या उपस्थितीची चाहूल लागताच ती इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बाहेर टाकून आसपासच्या पेशींना सावध करते, आणि स्वतःच्या अंतरंगातील प्रथिननिर्मिती साफ बंद पाडते. पटकीची साथ आलेल्या गावाने स्वतःच्याच वेशी बंद करून घ्याव्यात, म्हणजे गावाचे काय व्हायचे ते होवो परंतु साथ पुढे जाऊ नये, तसाच हा प्रकार असतो. इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमान या दोघांनी लावला, आणि विषाणूंविरुद्ध शरीराने केलेला हा बंदोबस्त किती जुना व किती काटेकोर आहे याची कल्पना त्यानंतर हळूहळू येत गेली.

आता कर्कपेशीकडे वळू. कर्कपेशी म्हणजे वाढीवरील सर्व नियंत्रणे झुगारून दिलेली पेशी. परंतु जी प्रथिने वाढीला लगाम घालतात, त्यांतील पुष्कळशी विषाणूंपासून संरक्षणाचेही काम करीत असतात. इंटरफेरॉनचा संदेश वाढही रोखतो आणि विषाणूलाही रोखतो. म्हणून अनिर्बंध वाढीची मुभा मिळवण्यासाठी जी पेशी तो संदेश ऐकणेच सोडून देते, ती त्याच क्षणी आपल्या संरक्षणालाही मुकते. कर्करोगाचे सामर्थ्य आणि त्याचे वैगुण्य एकाच ठिकाणी वसलेले आहे, आणि या प्रकरणात वर्णन केलेली सारी चिकित्सा त्या एका वैगुण्यावर उभी आहे.

या तत्त्वाचे आकलन होण्यापूर्वीच प्रयोगांना प्रारंभ झाला होता, आणि तो काळ वाचताना मन अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही. १९४९ साली अमेरिकेत हॉजकिन व्याधी या लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या २२ रुग्णांना विषाणुजन्य काविळीचे द्रव्य टोचण्यात आले. काहींची व्याधी तात्पुरती मागे हटली, परंतु काविळीने प्राणहानीही झाली. १९५० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चेस्टर साऊथॅम व अ‍ॅलिस मूर यांनी असाध्य कर्करोगाच्या रुग्णांना वेस्ट नाइल विषाणूचा संसर्ग घडवून आणला. क्वचित गाठ लहान झाली, आणि काहींच्या मेंदूला दाह झाला. १९५६ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने पीडित अशा ३० स्त्रियांच्या गाठींत अ‍ॅडिनोव्हायरस टोचला असता निम्म्याहून अधिक वेळा गाठीचा भाग मृत झालेला दिसला, तथापि रोगाची एकंदर वाटचाल त्याने फारशी बदलली नाही. पुढे १९६३ साली याच साऊथॅम यांनी ब्रुकलिनमधील एका रुग्णालयात २२ वृद्ध रुग्णांना, काय टोचले जात आहे याची कल्पना न देता, जिवंत कर्कपेशी टोचल्या. ते प्रकरण चव्हाट्यावर आले आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती हा वैद्यकीय संशोधनाचा पाया मानण्याच्या विचाराला त्यातून मोठी चालना मिळाली. ज्ञानाची निकड कितीही मोठी असली तरी आजारी माणसाच्या अज्ञानाचा फायदा घेण्याचा अधिकार ती कोणालाही देत नाही, असे मला निःसंदिग्धपणे वाटते. आणि आज विषाणूचिकित्सेला जी कडक नियमावली लागू आहे ती जाचक वाटणाऱ्यांनी हा इतिहास एकदा अवश्य वाचावा.

निसर्गात सापडला तसाच विषाणू वापरण्यातील अडचण उघड होती. सौम्य विषाणू गाठीला पुरेसा मारक ठरत नसे, आणि जहाल विषाणू गाठीबरोबर रुग्णालाही गाठत असे. त्यातच रासायनिक औषधांचा उदय झाल्याने संशोधकांचे लक्ष तिकडे वळले, आणि विषाणूंचा विषय जवळजवळ दप्तरदाखल झाला. तो पुन्हा उघडला गेला जनुकांची काटछाट मनुष्याच्या हाती आल्यावर.

१९९१ साली बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील मेंदूचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्टुझा व त्यांचे सहकारी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने या युगाचा प्रारंभ झाला असे मानतात. त्यांनी निवडलेला विषाणू हर्पिस सिम्प्लेक्सचा होता. ओठांच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड आणणारा, आणि जगातील बहुसंख्य माणसांच्या मज्जातंतूंत आयुष्यभर सुप्त राहणारा. या विषाणूला आपली जनुके उतरवून काढण्यासाठी थायमिडीन कायनेज नावाचे विकर लागते. जी पेशी स्वतःच विभाजन पावत असते तिच्याजवळ या विकराचा साठा आयताच असतो. मेंदूतील प्रौढ मज्जापेशी मात्र विभाजन पावत नाहीत, आणि त्यांच्यात तो नसतो. तेव्हा विषाणूचे स्वतःचे विकर काढून घेतले तर निरोगी मज्जापेशीत तो निष्प्रभ होईल आणि वाढत्या अर्बुदात, म्हणजे कर्कगाठीत, मात्र फोफावेल, असा हा सरळ तर्क होता, आणि मानवी मेंदूचे अर्बुद रुजवलेल्या उंदरांत तो खराही ठरला.

परंतु या योजनेत एक धोका दडलेला होता. हर्पिसवर जे मुख्य खात्रीचे औषध, असायक्लोव्हिर, ते विषाणूच्या याच विकराने कार्यप्रवण होते. विकर काढून टाकले म्हणजे औषधाचाही उपयोग संपला. विषाणू हाताबाहेर गेला तर त्याला आवरायचे कसे? यावर तोड शिकागोच्या बर्नार्ड रॉइझमन यांच्या प्रयोगशाळेत झालेल्या शोधातून निघाली. हर्पिसला मेंदूत धुमाकूळ घालण्याचे सामर्थ्य देणारे एक वेगळेच जनुक त्यांना १९९० साली सापडले होते. पेशीने प्रथिननिर्मिती बंद पाडली की हे जनुक ती पुन्हा सुरू करवते, म्हणजे बंद झालेली वेस आतून उघडून देते. ते काढून टाकले तर निरोगी पेशीत विषाणूचा निभाव लागत नाही. आणि जिने ती वेस कधीच मोडून टाकलेली असते त्या कर्कपेशीत मात्र त्याला या जनुकाची फारशी गरजच भासत नाही. शिवाय असायक्लोव्हिरचा इलाज शाबूत राहतो. संशोधकांनी मारक शक्ती वाढवण्यापूर्वी परतीची वाट राखून ठेवली, याचे मला विशेष अगत्य वाटते.

याच सुमारास कॅलिफोर्नियातील फ्रँक मॅककॉर्मिक यांच्या चमूने अ‍ॅडिनोव्हायरसची अशीच काटछाट केली. पी-५३ हे पेशीविभाजनावर पहारा ठेवणारे प्रथिन सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत बिघडलेले असते, आणि अ‍ॅडिनोव्हायरसलाही पेशीत वाढण्यासाठी त्याच पहारेकऱ्याला दूर करावे लागते. ते काम करणारे विषाणूचे जनुक काढले तर तो केवळ पी-५३ गमावलेल्या पेशींतच वाढेल, असा विचार १९९६ साली मांडला गेला, आणि त्याच्या सुबकपणाने सारे जग मोहून गेले. परंतु हा विषाणू पी-५३ धडधाकट असलेल्या गाठींतही वाढताना आढळू लागला, आणि त्याच्या निवडीचे खरे कारण निराळेच, विषाणूच्या संदेशवाहक रेणूंना केंद्रकाबाहेर नेण्याशी निगडित आहे, असे २००४ साली दाखवण्यात आले. मूळ स्पष्टीकरण खोटे ठरले तरी विषाणू कर्कपेशी मारीत होताच. अमेरिकेत तो मागे पडला. त्याच्याशी मिळताजुळता एक विषाणू मात्र २००५ साली चीनने मस्तक व मानेच्या कर्करोगांवर रासायनिक औषधांच्या जोडीने वापरण्यास परवानगी दिली, आणि कर्कपेशीत वाढून तिला मारणारा, सरकारी मंजुरी मिळालेला तो पहिला जनुकरचित विषाणू ठरला.

युरोप-अमेरिकेत असा परवाना प्रथम मिळाला तो तालिमोजीन लाहेरपरेपव्हेक या उच्चारण्यास अवघड नावाच्या, आणि वैद्यांच्या रोजच्या बोलण्यात टी-व्हेक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औषधाला. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजचे रॉबर्ट कॉफिन यांनी बायोव्हेक्स कंपनीतर्फे त्याची रचना केली. त्यांनी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे जोपासलेला हर्पिस घेतला नाही, माणसाच्या ओठावरील ताज्या फोडातून मिळालेला घेतला, कारण कृत्रिम वातावरणात विषाणूचे पाणी कमी होते. मग वर सांगितलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती छाटून टाकल्या. दुसरी छाटणी अधिक मार्मिक होती. हर्पिसजवळ असे एक जनुक असते की जे ग्रासलेल्या पेशीला आपल्या अंतर्भागाचे नमुने पृष्ठभागावर मांडू देत नाही, आणि त्यामुळे शरीराच्या गस्त घालणाऱ्या श्वेतपेशींना आत काय चालले आहे याचा पत्ताच लागत नाही. ते जनुक गेल्याबरोबर पेशीची झडती घेणे श्वेतपेशींना शक्य झाले. आणि याच छाटणीने विषाणूचे आणखी एक जनुक लवकर जागे होऊन कर्कपेशीतील त्याची वाढही जोमाने होऊ लागली. तिसरे काम भर घालण्याचे. रिकाम्या झालेल्या जागी मनुष्याचे एक जनुक बसवले गेले. ते जीएम-सीएसएफ नावाचे प्रथिन निर्माण करते, आणि हे प्रथिन प्रतिकारसंस्थेतील वृक्षाभपेशींना गाठीकडे पाचारण करते. या पेशी मृत कर्कपेशींचे अवशेष उचलून लसीका ग्रंथींत नेतात आणि तेथे मारक श्वेतपेशींना शत्रूची ओळख पटवून देतात.

या रचनेत साऱ्या विषयाची दिशाच बदललेली दिसते. मार्टुझांच्या काळी विषाणूने प्रत्यक्ष पेशी मारणे हेच उद्दिष्ट होते, आणि शरीराची प्रतिकारशक्ती ही त्यातील अडचण समजली जाई, कारण ती विषाणूला पसरण्यापूर्वीच गाठते. टी-व्हेकमध्ये विषाणूने मारलेल्या पेशी हा केवळ आरंभ ठरला. कर्करोगाने जी प्रतिकारशक्ती निजवून ठेवलेली असते तिला गाठीच्या ऐन मध्यभागी जागे करणे, ही त्या विषाणूची मुख्य कामगिरी झाली. माझ्या मते गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील या क्षेत्राची सर्वांत मोठी प्राप्ती हीच.

हे औषध मेलॅनोमा या त्वचेच्या रंजकपेशींच्या कर्करोगावर, शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या गाठींत, थेट सुईने टोचतात. पहिल्या खेपेस दर मिलिलिटरमागे १० लाख विषाणू, म्हणजे शरीराला त्याची ओळख व्हावी एवढेच. तीन आठवड्यांनी दर मिलिलिटरमागे १० कोटी. आणि मग दर दोन आठवड्यांनी तेवढेच, एका खेपेस एकूण ४ मिलिलिटरपेक्षा अधिक नाही. औषध उणे ७० अंश सेल्सियसच्याही खाली गोठवून ठेवावे लागते. टोचल्यावर रुग्णाला थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते. टोचलेली जागा झाकून ठेवावी लागते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली आहे त्यांना ते देत नाहीत.

त्याची कसोटी ४३६ रुग्णांवर घेण्यात आली; काहींना टी-व्हेक, तर काहींना नुसते जीएम-सीएसएफ प्रथिन देण्यात आले. सहा महिने किंवा अधिक टिकलेला गुण पहिल्या गटात शेकडा १६.३ जणांना आला आणि दुसऱ्यात शेकडा २.१ जणांना. आयुर्मर्यादेचा मध्यांक अनुक्रमे २३.३ आणि १८.९ महिने भरला. हा फरक संख्याशास्त्राच्या कठोर निकषाला अगदी थोडक्यात उतरला नाही. अधिक लक्षणीय गोष्ट ही की ज्या गाठींना सुईचा स्पर्शही झाला नव्हता त्यांतील काही गाठीही आकसल्या. त्वचेतल्या बऱ्याच, यकृत-फुप्फुसांतल्या पुष्कळ कमी. जागृत झालेल्या श्वेतपेशी दूरवर पोचल्याचा हा दाखला होता. २७ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवाना दिला.

यानंतरची वाटचाल सरळ नाही. प्रतिकारशक्तीवरील लगाम सोडवणारे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध टी-व्हेकच्या जोडीला दिले असता २१ रुग्णांपैकी शेकडा ६२ जणांना गुण आल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि साहजिकच आशा पालवल्या. परंतु तीच जोडी ६९२ रुग्णांवर रीतसर तुलनेने पारखली तेव्हा केवळ पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांहून तिचा निर्णायक फायदा दिसला नाही. ज्या कुटुंबात हा रोग शिरला आहे त्यांना वर्तमानपत्रांतील पहिल्या बातमीचा मथळा आठवतो, दुसरी बातमी त्यांच्यापर्यंत पोचतही नाही. आणि म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवीत आहे.

मेंदूच्या अर्बुदांच्या बाबतीत, जेथे इतर उपाय फार लवकर संपतात, टोकियो विद्यापीठाचे तोमोकी तोदो यांचे कार्य मोठे आहे. त्यांनी हर्पिसमध्ये तीन ठिकाणी फेरफार केले आणि १९ रुग्णांच्या मेंदूतील गाठीत तो विषाणू पुनःपुन्हा सोडला. एका वर्षानंतर त्यांतील शेकडा ८४.२ रुग्ण हयात होते. २०२१ च्या जूनमध्ये जपान सरकारने त्यास सशर्त व मुदतबंद मंजुरी दिली. रुग्ण थोडे आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही, हे ध्यानात घेता ही अट रास्तच म्हटली पाहिजे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मथायस ग्रोमायर यांनी पोलिओच्या लशीतील विषाणूचा एक तुकडा काढून त्या जागी साध्या सर्दीच्या विषाणूचा तुकडा बसवला, जेणेकरून मज्जापेशींत तो वाढू नये. आणि पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अर्बुदाच्या ६१ रुग्णांपैकी शेकडा २१ जण तीन वर्षांनंतरही जिवंत राहिले. पूर्वीच्या तशाच रुग्णांत हे प्रमाण शेकडा ४ होते.

सुईने पोचता येईल अशा गाठीपुरते हे ठीक. शरीरभर पसरलेल्या रोगाचे काय? त्यासाठी विषाणू रक्तातूनच सोडला पाहिजे, आणि तेथे परिचित विषाणूला ओळखून निकामी करणारी प्रतिपिंडे वाट पाहत असतात. मेयो क्लिनिकमधील स्टीफन रसेल यांनी अस्थिमज्जेच्या मायलोमा या कर्करोगावर गोवराचा विषाणू वापरला तेव्हा हा प्रश्न तीव्रतेने उभा राहिला. हा विषाणू एडमन्स्टन वाणाचा. १९५४ साली बोस्टन परिसरातील एका शाळकरी मुलाच्या शरीरातून मिळवलेला आणि त्याच्याच आडनावाने ओळखला जाणारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लसही याच वंशातील, त्यामुळे महाराष्ट्रातील असंख्य मुलांच्या दंडात त्याचे भाऊबंद जाऊन आले आहेत. परंतु लहानपणी मिळालेले हेच संरक्षण या चिकित्सेच्या आड येते. रसेल यांनी २०१४ मध्ये ज्यांची माहिती दिली त्या दोन्ही रुग्णांच्या रक्तात गोवराची प्रतिपिंडे अत्यल्प होती, आणि त्यांना एकाच वेळी, एक कोटी माणसांच्या लसीकरणाला पुरेल एवढा विषाणू शिरेतून देण्यात आला. दोघींपैकी एका स्त्रीचा रोग कित्येक महिने पूर्णतः नाहीसा झाला. त्या विषाणूत आयोडीन शोषून घेणारे एक जनुक बसवलेले असल्याने तो गाठींत पोचला की नाही याची खातरजमा किरणोत्सर्गी आयोडीनच्या साहाय्याने चित्रे काढून करता आली.

म्हणून मानवाच्या प्रतिपिंडांना अपरिचित अशा विषाणूंकडे आता संशोधक वळले आहेत. गुराढोरांच्या तोंडाला फोड आणणारा एक विषाणू त्यांत आहे. आणि आपल्याकडील कोंबड्या पाळणाऱ्यांना मानमोडी या नावाने चांगला परिचित असलेला, जगात न्यूकॅसल व आपल्या देशात राणीखेत म्हणून ओळखला जाणारा विषाणूही आहे. त्याने माणसाला फार तर डोळे येण्यापलीकडे सहसा काही होत नाही, आणि तो शिरेवाटे देऊन पाहिलेलाही आहे. मात्र रुग्णाकडून तो एखाद्या खुराड्यापर्यंत पोचला तर कुक्कुटपालकांचा सर्वस्वी नाश होईल ही भीती खरी आहे, आणि म्हणून पक्ष्यांत निरुपद्रवी ठरेल व कर्कपेशीत मात्र फोफावेल अशा रीतीने त्याच्या जनुकांची फेररचना करण्याचे काम प्रयोगशाळांतून चालू आहे.